बर्फाला माणसं चालत नाहीत

सप्टेंबरातल्या एका दुपारी, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन असताना, मी चाचांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या अंगात एकावर एक दोन स्वेटर होते, डोक्यावर माकडटोपी होती आणि हातात लोखंडाची एक कांब होती. मी ऑफिसातल्या नोकरीच्या मुलाखतीला आले होते आणि चुकीचं दार उघडून थेट बर्फाच्या काठाशी पोचले होते. गार वारा अंगावर आला तशी माझ्या तोंडून "अगं आई गं" निघालं. त्यावरून त्यांनी माझी भाषा ओळखली आणि पहिलं वाक्य बोलले, "दार लाव, बाय." मी दार लावलं. त्यावर म्हणाले, "आत राहून नाय. बाहेर जा आणि लाव."

इतक्या नेटकेपणानं मला त्याआधी कुणी हाकललं नव्हतं. मी बाहेर गेले आणि दार लावलं.

चाचा आमच्या रिंकचे बर्फवाले. कागदोपत्री हुद्दा आइस टेक्निशियन, पण त्या नावानं हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मासळीसाठी लाद्या पाडत होते. पुढे आखातात आले, एसी दुरुस्त केले, कोल्ड स्टोरेज सांभाळलं आणि शेवटी अमिरातीतल्या अल ऐनमधल्या मॉलच्या मागच्या अंगाला, वाळवंटाच्या तोंडाशी, हॉकीचा बर्फ पाडायला लागले. त्यांच्या बोलण्यात बर्फ ताजा असायचा नाहीतर शिळा असायचा, तिसरं काही नाही. हॉकीचा बर्फ आणि पापलेटाखालचा बर्फ यांत त्यांच्या लेखी फरक एवढाच, की पापलेट गप्प पडून राहतं.

मी जळगावची. उन्हाळ्याबद्दल मला कुणी काही शिकवायची गरज नाही, पण बर्फ म्हणाल तर आयुष्यात गोळ्याच्या गाडीवर पाहिला तेवढाच. नवरा इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलगी शाळेत, आणि मला घरी बसून कंटाळा आलेला, म्हणून मी ही नोकरी धरली. तिकिटं, वेळापत्रक, फोन, एवढंच काम सांगितलं होतं. महिन्याभरात टीमचा मॅनेजर नोकरी सोडून कॅनडाला गेला, आणि त्याचं काम 'तोपर्यंत' माझ्याकडं आलं. आखातात तोपर्यंतचा अर्थ काय होतो ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको.

टीम म्हणजे कशी, तर लीगमध्ये पाच संघ. प्रत्येक संघात पगारावर आणलेले चार-पाच परदेशी खेळाडू आणि बाकीची इथलीच पोरं, जी दिवसा कुठंतरी नोकरी करायची आणि संध्याकाळी स्केट्स बांधायची. आमचा कॅप्टन इमिराती, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनियर. शिफ्ट संपली की साडेतीन-चार तास गाडी हाकत प्रॅक्टिसला यायचा, खेळायचा आणि परत जायचा. आदल्या सीझनला हा संघ पाचांत पाचवा आला होता. मी मुलीला सांगितलं की आई आता हॉकी टीमची मॅनेजर आहे. ती म्हणाली, "मॉम, प्लीज डोन्ट टेल माय फ्रेंड्स."

चाचांचा सगळ्यात मोठा राग माणसांवर होता. माणूस चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न, आधी तो गरम असतो, ही त्यांची तक्रार. "माणूस म्हणजे काय, बाय? सदतीस डिग्रीची शेगडी. तू हजार शेगड्या आणून खुर्च्यांवर मांडतेस, वर त्या श्वास घेतात, ओरडतात. बर्फानं काय करायचं?" मी तिकिटं खपवायची आणि त्यांनी ती न खपण्यासाठी दुवा मागायचा, असा आमचा संसार होता. प्रेक्षकांत कडक चहा न्यायला त्यांनी बंदी घातली. दारावर चार भाषांत 'दार लावा' लिहिलं, आणि मराठी पाटी सगळ्यांत मोठी होती, कारण ती माझ्यासाठी होती. सामन्याच्या दिवशी ते हमखास विचारायचे, "आज किती माणसं?" आठशे तिकिटं गेलेली असली तर मी साडेतीनशे सांगायचे. ते कपाळाला हात लावायचे. खरा आकडा सांगितला असता तर त्यांनी दाराला कुलूपच घातलं असतं.

रोज सकाळी ते लोकरीचे मोजे घालून बर्फावर उतरायचे. बूट घालून त्यावर पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे, मग तो मॉलचा मालक असो की फायर ब्रिगेडचा इन्स्पेक्टर. हातातली कांब ठरलेल्या जागी हलकेच आपटायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुढं जायचं. खणखणीत वाजला तर बर्फ तयार. बद्द वाजला तर अजून कच्चा. थर्मामीटर होता, भिंतीवर मोठा आकडा दाखवणारं यंत्रही होतं, पण त्यांच्याकडं चाचा पाहुण्याच्या पोराकडं बघावं तसे बघायचे.

त्यांचं आणखी एक. सगळ्या आखातासारखं त्यांच्याही तोंडी इन्शाल्ला असायचंच. सामना जिंकू का? इन्शाल्ला. पगार वेळेवर होईल का? इन्शाल्ला. पण बर्फाचं विचारलं की आधी वेळ यायची आणि मग अल्लाचं नाव. "साडेपाचला तयार. इन्शाल्ला." आणि साडेपाचला तो तयार असायचा. त्यांच्या वेळेवर मी घड्याळ लावून घ्यायचे.

सामना चालू असताना ते दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसत. लोक पक, म्हणजे हॉकीतली काळी रबरी चकती, कुठं गेला ते बघायचे, चाचा पक गेल्यावर मागं काय राहिलं ते बघायचे. खेळाडूंची नावं त्यांना ठाऊक नव्हती, ते त्यांना ओरखड्यांवरून ओळखत. आमचा रशियन गोलकीपर गोलासमोर स्केटनं सारखा बर्फ खरवडायचा, म्हणून त्याचं नाव कोंबडी. त्यानं मला अर्थ विचारला. मी काय सांगणार? म्हटलं, भिंत. त्यानं ते इंग्रजी अक्षरांत आपल्या मुखवट्यावर रंगवून घेतलं आणि सबंध सीझन कोंबडी हे नाव मिरवत तो उभा राहिला. हॉकीच्या एका काठीची किंमत आठशे दिरहम असते हे कळल्यावर चाचांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे अठरा हजार रुपये. अठरा हजाराची काठी, आणि आपटायची कुठं, तर माझ्या बर्फावर."

पण त्यांचा खरा वैताग होता गोल झाल्यानंतरच्या नाचावर. पोरं एकमेकांच्या अंगावर पडायची, गुडघ्यावर घसरत जायची, स्केट्स रोवून उड्या मारायची. चाचा मध्यंतरात कॅप्टनला गाठून हिंदीत झापायचे, "गोल हुआ ना? तो चुपचाप अपनी जगह जाओ. नाचना क्यों है? शादी है क्या?" कॅप्टन एवढा धिप्पाड गडी, रिफायनरीत पन्नास माणसांवर हुकूम चालवणारा. चाचांपुढं मान खाली घालून म्हणायचा, "सॉरी, चाचा. खलास, नाचेगा नहीं." आणि दिवाळीपर्यंत पोरांना खरंच सवय लागली. गोल घातला की आमचा संघ हात वर करायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही, रांगेत आपापल्या जागी परत जायचा. वर्तमानपत्रातल्या एकानं लिहिलं की या संघाची शिस्त बघण्यासारखी आहे. मी ते कात्रण चाचांना दाखवलं. ते म्हणाले, "बर्फाचं काय लिवलंय?" काही लिहिलेलं नव्हतं.

नोव्हेंबरात मॉलच्या ऑफिसातून एक माणूस आला. सूट चांगला होता, बोलणं त्याहून चांगलं. रिंकचं भाडं सुटत नाही, जागा मोठी आहे, एका फर्निचरच्या शोरूमनं विचारणा केली आहे. मात्र एक स्पॉन्सर पुढची पाच वर्षं रिंक चालवायला तयार आहे, फक्त त्याला विजेता संघ हवा. थोडक्यात, या सीझनला लीग जिंकली तर रिंक राहील. नाहीतर मे महिन्यात बंद. पाचवा आलेला संघ पहिला यायला हवा, हे त्यानं पाणी मागावं इतक्या सहज सांगितलं आणि दार उघडं टाकून निघून गेला.

मी चाचांना सांगायला मशिनरूममध्ये गेले. तिथं त्यांची चटई असायची, एक कॅलेंडर आणि चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, घरघर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोरांचं काय, पगाराचं काय, व्हिसाचं काय, यांतलं एकही विचारलं नाही. म्हणाले, "बर्फाचं काय करणार?"

"मशिन बंद करणार, चाचा. वितळून जाईल."

त्यांनी माकडटोपी काढली. मी त्यांचं डोकं तोपर्यंत पाहिलं नव्हतं, सगळं पांढरं होतं. टोपीची घडी घालत ते बोलू लागले. "आमचा कारखाना बंद झाला ना, तेव्हा टाकीत लाद्या तशाच होत्या. बोटी दुसऱ्या बंदरावर जायला लागलेल्या, तिथं नवा कारखाना. आमच्याकडं बर्फ घ्यायला कोण येत नाय. मालक बोलला, बंद कर. मी बटण बंद केला. मग दोन दिवस तिथंच बसलो."

"कशाला, चाचा?"

"कोणतरी बसायला नको?"

त्यांनी टोपी परत चढवली आणि म्हणाले, "दुसऱ्यांदा नाय बसणार मी. सांग तुझ्या पोरांना."

मी पोरांना सांगितलं. आता ती पोरं त्यामुळं जिंकू लागली असं मी म्हणणार नाही. नवा कोच चांगला होता, कोंबडी फॉर्मात होती. पण चाचांनी बर्फावर जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमची पोरं अंगानं लहान पण पायांनी चपळ. चाचांनी बर्फ पातळ आणि कडक ठेवला, गरम पाण्याचा हात दिवसातून तीनदा जास्त फिरवला. बर्फ गुळगुळीत व्हायला वरून गरम पाणी सोडावं लागतं हे मला तेव्हा कळलं, आणि आठवडाभर मी ते प्रत्येकाला सांगत सुटले. बाहेरून आलेले दांडगे खेळाडू वळणावर घसरून कठड्यावर आदळायचे, आमची पोरं त्यांच्या बगलेतून निघून जायची. डिसेंबरात आम्ही तिसरे होतो, फेब्रुवारीत दुसरे, मार्च अखेरीस पहिले. पहिल्या आलेल्या संघाच्या घरी फायनल, असा नियम होता. आकडा माझ्याकडून फुटू नये म्हणून मी चाचांसमोर जायचंच टाळू लागले, कारण फायनलची सगळी तिकिटं दोन दिवसांत संपली होती.

फायनल शनिवारी, संध्याकाळी सातला. सकाळी अकरा वाजता मशिनरूममधली घरघर थांबली.

रिंकच्या पोटात नळ्यांतून मिठाचं गार पाणी फिरत असतं, ते फिरवणारा पंप बसला होता. पंप थांबला तसा चिलरही आपोआप थांबलेला; तो ठणठणीत, पण गारवा बर्फापर्यंत पोचवणारं कोणी नाही. सुटा भाग अल ऐनमध्ये मिळेना. चाचांचा एक गाववाला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉप चालवायचा, त्याच्याकडं होता. तो तसाच घेऊन निघाला. लीगचा नियम साधा: साडेसहाला रेफरी बर्फ तपासणार, आणि घरच्या संघाचं मैदान खेळण्याजोगं नसेल तर सामना पाहुण्यांना बहाल. पाहुणे दुबईचे, गेल्या वर्षीचे विजेते. त्यांना आनंदानं चाललं असतं.

मी विचारलं, "चाचा, बर्फ टिकेल का?"

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

मी वेळेची वाट बघत उभी राहिले. वेळ आलीच नाही.

मग ते एकदम हलले. सगळे दिवे बंद करायला लावले, सगळी दारं लावली, आणि मला म्हणाले, "गोणपाट आण."

"किती?"

"गावात असतील तेवढी."

कारखान्यात लादी गोणपाटात गुंडाळली की बंदरापासून बाजारापर्यंत उन्हातून जायची, हे त्यांचं लहानपणापासूनचं शिक्षण. फक्त एक अडचण होती. गोणपाट थेट बर्फावर टाकलं तर चिकटणार, त्याचे धागे बर्फात रुतणार, आणि मग खेळ खलास. खाली काहीतरी गुळगुळीत हवं होतं. कॅप्टन रात्रीची शिफ्ट संपवून रुवैसहून नुकताच पोचला होता. तो ऐकत होता. म्हणाला, "चाचा, सुफ्रा."

सुफ्रा म्हणजे जेवताना खाली अंथरायच्या पातळ प्लास्टिकची गुंडाळी. इथल्या प्रत्येक घरात असते, मंदी नावाचा मटणभात मिळतो त्या हॉटेलांत तर पोत्यानं. चाचांनी त्याच्याकडं बघितलं, बहुधा पहिल्यांदाच ओरखडे सोडून त्याच्या तोंडाकडं, आणि विचारलं, "तेरे घर में कितना है?"

"मेरी माँ के पास? पूरा अलमारी." मग जरा थांबून म्हणाला, "चाचा, ऊँट का कंबल चलेगा? मेरे अंकल का इज़्बा है, ऊँटों का फार्म, साठ ऊँट हैं."

"धुलेला है?"

कॅप्टन नुसताच फोन काढून अंकलला लावू लागला. चाचा म्हणाले, "चलेगा. यल्ला." यल्ला म्हणजे चला, निघा.

पुढच्या दीड तासात मी जेवढे फोन केले तेवढे आयुष्यात केले नसतील. आम्हाला टिफिन देणारं एक मराठी जोडपं होतं, त्यांनी बासमतीची रिकामी पोती गाडीत भरून आणली आणि येताना चार मल्याळी दुकानदारांचीही गोळा केली. एका पठाणाचा ट्रक गोणपाटानं भरून आला. कोंबडीनं आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांची दारं वाजवून सुफ्रा मागितल्या. कॅप्टनच्या अंकलची पिकअप आली, तिच्यात उंटांच्या झुली, आणि वासावरून त्या कधी धुतल्या होत्या याचा अंदाज कुणालाही यावा. बाहेर तिकिटं घेऊन लवकर आलेली मंडळी काय चाललंय बघायला गोळा झाली होती. मी दारात उभी राहून सांगितलं, रिंक वाचवायची असेल तर बूट काढा.

आणि मग मी ते बघितलं. ज्या माणसानं मला आत राहून दार लावू दिलं नव्हतं, तो अंधारात बर्फाच्या काठाशी उभा राहून माणसांना आत बोलवत होता. "मोजे है तो आओ. नहीं है तो किनारे से पकडो. भागना नहीं. बात नहीं करना, साँस भी थोडा कम लो." शेवटचं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. शंभरएक माणसं मोज्यांवर, मोबाइलच्या उजेडात, सुफ्रा उलगडत होती, त्यावर पोती, त्यावर झुली. माझी मुलगी दोन कॅनेडियन खेळाडूंच्या मधे झुलीचं टोक धरून चालली होती. कुणी बोलत नव्हतं. दोन वाजेपर्यंत सबंध बर्फ झाकला गेला. चाचांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि एकटे आत खुर्ची टाकून बसले.

गाववाल्याचा फोन दर वीस मिनिटांनी येत होता. शारजातून बाहेर पडायलाच त्याला दीड तास लागला. "बस, आता निघालोच," असं तो उभ्या गाडीतून सांगायचा. सव्वाचारला पोचला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं मला विचारलं, "जेवण हाय काय?" आणि उत्तराची वाट न बघता पेटी घेऊन मशिनरूममध्ये घुसला. पावणेपाचला ती घरघर परत सुरू झाली. त्या आवाजानं मला रडू आलं, आणि मी रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

चाचांनी झुलीचा एक कोपरा उचलून कांब आपटली. बद्द. आम्ही थांबलो. सव्वापाचला परत आपटली. बद्द. पावणेसहाला त्यांनी आपटली, मान तिरकी केली आणि मला म्हणाले, "सहा वाजून वीस मिनिटं. इन्शाल्ला."

वेळ आली होती. मी भिंतीला टेकून बसले.

पण झुली आणि पोती उचलल्यावर खाली तांदूळ निघाले. सुफ्रांच्या फटींतून दाणे गळले होते, ज्यूटचे धागे पडले होते. एक दाणा स्केटखाली आला तर माणूस तोंडावर आपटतो. झाडूनं झाडले तर ते बर्फात घासले जातील, म्हणून चाचांनी झाडू आणू दिला नाही. तेव्हा मी पुढं झाले. हॉकीतलं मला काही कळत नाही, पण तांदूळ निवडायला मला कुणी शिकवायला नको. सगळ्या संघाला मी उकिडवं बसवलं, एका रांगेत, आणि दाखवलं: चिमटीत धरायचा, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत टाकायचा, पुढं सरकायचं. त्याच वेळी दुबईचा संघ आत आला. लीगमध्ये पहिला आलेला संघ बर्फावर बसून तांदूळ निवडतोय आणि पंजाबी ड्रेसमधली एक बाई मागून चुका काढतेय, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्या कोचचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

चाचांनी बर्फावर पाणी सोडत फिरणारी गाडी काढून गरम पाण्याचा एकच पातळ हात फिरवला. सहा वीसला कांब खणखणली. साडेसहाला रेफरी आला. तो फिनलंडचा. त्यानं एक चक्कर मारली, टाच रोवून बघितली, गुडघा टेकून हात लावला. मग नाक वर केलं. "व्हॉट इज दॅट स्मेल?"

"लोकल ट्रॅडिशन," मी म्हणाले.

त्यानं सही केली.

सामना सुरू व्हायच्या आधी चाचांनी खुर्चीतून विचारलं, "आज किती माणसं?" लोक पायऱ्यांवरसुद्धा बसले होते. मी सवयीनं म्हणाले, "साडेतीनशे." त्यांनी सगळीकडं सावकाश नजर फिरवली आणि माकडटोपी कानांवर खाली ओढली.

त्या सामन्याचं वर्णन जाणकारांनी करावं. मला आठवतं ते एवढं, की शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती, गर्दीच्या उष्णतेनं बर्फावर ओल धरली होती, आणि दुबईचे दांडगे गडी त्या ओलीत रुतू लागले होते. कोंबडीनं एक पक अडवला तो छातीवर. तो सुटून कॅप्टनकडं आला. रात्रीची शिफ्ट करून, सकाळी गाडी हाकून, दिवसभर झुली उचललेला हा माणूस सबंध रिंक एकटा ओलांडून गेला आणि त्यानं पक आत घातला.

सगळी गर्दी उठून उभी राहिली. आणि आमचा संघ? आमचा संघ गोल झाल्यावर रांगेत, मुकाट, आपापल्या जागी परत गेला. कॅप्टननं हातसुद्धा वर केला नाही. दुबईवाल्यांना वाटलं गोल रद्द झाला, त्यांनी रेफरीकडं हात पसरले. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चार मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. भोंगा वाजला. लीग आमची होती, रिंक आमची होती. तरीही पोरं बर्फाच्या मधोमध नुसती उभी, आणि सगळ्यांच्या माना दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडं वळलेल्या. लोकांना कळेना काय चाललंय. चाचा उठले. त्यांनी माकडटोपी काढली, स्वेटरच्या खिशात कोंबली, आणि कांब वर करून म्हणाले, "यल्ला. आज नाचो."

मग जे झालं त्यात बर्फाची पार चाळण झाली. चाचांनाही खांद्यावर घेऊन फिरवलं. वरून ते सारखं काहीतरी खाली दाखवत होते. मला वाटलं हात हलवताहेत. नंतर कळलं, ते खड्डे मोजत होते.

पुढचा सीझन करून ते रत्नागिरीला परतले. मुलांनी हट्ट धरला होता. जाताना कांब माझ्या टेबलावर ठेवली आणि दार बाहेरून नीट लावून गेले. रिंक अजून आहे. आता बर्फ पाडतो तो फिलिपिनो मुलगा हुशार आहे, त्याच्याकडं आकडे दाखवणारी तीन यंत्रं आहेत. तरी दर वर्षी नवा बर्फ पाडला की मी लोकरीचे मोजे घालून उतरते आणि चाचांना फोन लावते. व्हिडिओ त्यांना नको असतो. "तोंड नको दाखवू, आवाज दे." मी ठरलेल्या जागी कांब आपटते. तिकडं शांतता असते. मग ते म्हणतात, "उद्या दुपारी चारला. इन्शाल्ला." यंत्रं काहीही म्हणोत, आम्ही उद्या दुपारी चारपर्यंत थांबतो.

यंदाही थांबलो. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "पहिल्या मॅचला किती माणसं?"

हजार तिकिटं गेली होती. जुनी सवय, मी म्हणाले, "साडेतीनशे, चाचा."

तिकडं आधी दार लावल्याचा आवाज आला.

"एवढीच?" चाचा म्हणाले. "अशानं कसं चालेल, बाय? बोलव की लोकांना. बर्फाचं मी बघतो."